मुलांनी विचारायचा प्रश्न

नसीम, तक्ता मंजूर झाला आणि चाचणीही झाली. तुला आधी तक्त्याचं सांगते. चाचणीचं शेवटी, कारण ते सांगायला मला जरा वेळ लागेल.

बैठक पेणलाच होती, त्याच शाळेत, माडीवरच्या वर्गात. तू नेहमी दाराजवळच्या बाकावर बसायचीस, वारा तिथेच लागतो म्हणून. या वेळी पाटील सरांनी त्या बाकावर लॅपटॉपची बॅग ठेवली होती. मी ती उचलून खाली ठेवली.

विषय पटापट संपले. गटाचे प्रमुख साहेब घड्याळ बघून म्हणाले, "आज बरं लवकर उरकलं." म्हणून गेले आणि मग चष्मा काढून उगाच पुसत बसले. लवकर का उरकलं ते खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. अडवणारी तू नव्हतीस.

तुझी ओळ तक्त्यात राहिली आहे. तिच्यापुढे 'ऐच्छिक' लिहिलं आहे. ऐच्छिक म्हणजे काय होतं, हे उभा जन्म जिल्हा परिषदेच्या शाळेत काढलेल्या बाईला मी सांगायला नको.

हे शिक्षक नसलेली माणसंही वाचतील, म्हणून थोडं त्यांच्यासाठी. प्रत्येक इयत्तेच्या अध्ययन निष्पत्ती ठरलेल्या असतात, म्हणजे त्या वर्गातल्या मुलाला वर्षाच्या शेवटी काय काय यायला हवं त्याची वाक्यं. समजपूर्वक वाचतो, हातच्याची बेरीज करतो, अशी. आणि चाचणी म्हणजे सगळ्या शाळांना एकाच वेळी एकच पेपर. आता जे यायला हवं असं आपण म्हणतो, तेच पेपरात विचारलं जातं का? बहुतेक वेळा नाही. ते जुळवायला आपला गट नेमला होता. डावीकडे निष्पत्ती, उजवीकडे तिला तपासणारा प्रश्न, मधल्या खणात जुळल्याची खूण. मधला एकही खण रिकामा राहायला नको, ही माझी अट. तक्ता मीच आखला होता. मला आखलेल्या गोष्टींत बरं वाटतं, हे तुला डी. एड.च्या होस्टेलपासून माहीत. आपल्या खोलीत बादली कोणी कधी भरायची याचं वेळापत्रक मी भिंतीला चिकटवलं होतं आणि तू त्याच्याखाली लिहिलं होतंस, 'तहान कधी लागली तर चालेल?' नंतर नंतर तू म्हणायला लागलीस, "शुभा, तू जन्नतच्या दारात पण हजेरी घेशील गो."

त्या एसटीच्या प्रश्नाचा दिवस मला सारखा आठवतो.

तिसरीच्या भाषेत एक निष्पत्ती होती, ऐकलेल्या गोष्टीविषयी प्रश्न विचारतो. पाटील सरांनी तिच्यासाठी उतारा लिहिला. एक मुलगी थांब्यावर उभी आहे. हातात पिशवी आहे. एसटी येते आणि न थांबता निघून जाते. त्याखाली, 'या गोष्टीवर तुम्ही कोणता प्रश्न विचाराल?' आणि चार पर्याय. बसचा रंग कोणता होता? पिशवी केवढी होती? बस का थांबली नाही? थांबा कुठे होता? बरोबर उत्तर तिसरं. मी खणात बरोबरची खूण केली आणि पुढच्या ओळीवर गेले.

तेवढ्यात तू हसायला लागलीस. ओढणी तोंडावर दाबून, खांदे हलवत. साहेबांना वाटलं तुला ठसका लागला. त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली.

"पाणी नको साहेब," तू म्हणालीस. "पोरांनी विचारायचा प्रश्न पण आपणच विचारून ठेवला! त्यांनी आता नुसता गोल काळा करायचा."

"मग कागदावर दुसरं कसं तपासणार?" पाटील सर म्हणाले. त्यांना लागलं होतं.

"ते मला काय म्हायत नाय. पण मी त्या थांब्यावर असते ना सर, तर मी विचारलं असतं, आता ही पोरगी घरी कशी जाणार? तुमच्या चारांत कुठे हाय ते?"

"पाचवा पर्याय घालू," मी म्हटलं. "वरीलपैकी एकही नाही."

सगळे हसले. पण तू तोपर्यंत हसायची थांबली होतीस. तू माझ्या तक्त्यावर बोट ठेवलंस, त्या खुणेवर, आणि हळूच म्हणालीस, "ही खूण काढ. हे जुळलेलं नाय."

मी काढली नाही. आणि नसीम, मला अजूनही वाटतं की कागदावर त्याहून बरं काही जमत नाही. निदान कामाचा प्रश्न कोणता आणि फालतू कोणता एवढं तरी मूल निवडतं. तू म्हणायचीस, निवडणं वेगळं आणि विचारणं वेगळं. भाजीवाल्याकडे वांगी निवडणारा माणूस वांगी लावतो का? मी म्हणायचे, तुझी उदाहरणं छान असतात, पण त्यांना गुण देता येत नाहीत.

मग तू तुझा उपाय घेऊन आलीस. भाकरी आणि सुकटीची चटणी बांधून आणलेल्या पिशवीतूनच तो कागद निघाला, म्हणून त्याला वास येत होता. पाटील सरांनी तो दोन बोटांत धरून वाचला. पद्धत सोपी होती. शिक्षकाने मुलाला जवळ बसवून छोटा उतारा वाचून दाखवायचा. मग गप्प बसायचं. काही विचारायचं नाही, सुचवायचं नाही, 'बोल बोल' करायचं नाही. मुलाने प्रश्न विचारला की तो त्याच्या शब्दांत, तो बोलेल तसा, लिहून घ्यायचा. बस.

"गुण किती?" मी विचारलं.

"गुण नाय. विचारला की नाय, एवढंच."

"मग सगळे शिक्षक सगळ्या मुलांपुढे 'हो' लिहितील."

आपण दोघींनी इतकी वर्षं जे पाहिलं ते तुझ्याही डोळ्यांसमोर आलं असणार. डोंगराकडच्या त्या वाडीवरची शाळा. तिथे पाचवीतल्या मुलांना अक्षराला अक्षर जोडता येत नव्हतं आणि कागदोपत्री दरवर्षी सगळं 'साध्य'. सगळ्यांना सारखा पेपर बाहेरून आला, तेव्हा ते उघडं पडलं. त्या मुलांसाठी सगळ्यात जास्त आरडाओरडा तूच केला होतास. चाचणी नसती तर त्यांचं कोणाला कळलंही नसतं, हे मी तुला तेव्हाही ऐकवलं.

"व्हय," तू म्हणालीस. "तसंच करतील. 'हो' लिहून मोकळे होतील." मग माझ्याकडे वळून, "मग तू येऊन ऐक ना गो."

"मी केंद्रप्रमुख, माझ्याकडे केंद्रातल्या एवढ्या शाळा आहेत. सगळीकडे कशी येऊ?"

"सगळीकडे नको. कुठे तरी ये."

यावर पुढच्या बैठकीत बोलू, असं ठरलं. पुढच्या बैठकीला तू आली नाहीस. पोटात दुखतंय, असा तुझा निरोप आला आणि साहेब म्हणाले, सोसायला लागतं, वय झालं आता सगळ्यांचं. तुझं आणि माझं वय एकच, म्हणून मला रागही आला.

पनवेलच्या हॉस्पिटलात मी तक्ता घेऊन यायचे. सिस्टर ओरडायच्या, "पेशंटला आराम करू द्या, ऑफिस काय इथे आणलंत." मी ऐकत नव्हते. बाकीचे लोक नारळपाणी आणि मोसंबी घेऊन यायचे, तुझ्या पायाशी बसायचे आणि तुझ्याकडे असं बघायचे की तूच त्यांना धीर द्यायचीस. मला तसं बसता येत नाही. मी ओळ वाचायची, तू आडवी पडून नाही म्हणायचं. तू भांडलीस की मी बाहेर येऊन चहा घ्यायचे आणि मला वाटायचं, चला, अजून ठीक आहे.

एके दिवशी डॉक्टर राउंडला आले. फाइल चाळली, "काही विचारायचंय?" म्हणाले आणि तू उशीवरून डोकं उचलेपर्यंत पुढच्या खाटेपाशी पोचले. तिथे एक म्हाताऱ्या मावशी होत्या. त्यांनी हात जोडले आणि मान हलवली, काही नाही. त्याच्या पुढच्या खाटेवरही तसंच.

"बघ," तू म्हणालीस. "अख्ख्या वॉर्डात कोणी काय विचारत नाय. सगळे शाळेत गेलेले हायत."

मी हसले. तू नाही हसलीस.

त्याच दुपारी डॉक्टरांनी तुझ्या दिराला आणि मला जिन्याजवळ बोलावून घेतलं. तुझे मिस्टर कतारला, सुट्टी मिळायला वेळ होता. डॉक्टर जे बोलले ते थोडक्यात होतं. तुझा दीर जिन्यावर खालीच बसला. मी चेहरा धुतला आणि वॉर्डात आले. तू माझ्याकडे बघत होतीस. बराच वेळ बघत होतीस. मी वाट बघत होते की तू विचारशील. तू विचारलं असतंस तर मी खोटं बोलले नसते, एवढं मला नक्की माहीत आहे. तू म्हणालीस, "पुढची ओळ वाच." मी वाचली. गणित, इयत्ता तिसरी, घड्याळात वेळ पाहून सांगतो.

त्या ओळीवर तू काहीच हरकत घेतली नाहीस.

फोन आला तेव्हा मी एका शाळेत पोषण आहाराचा साठा तपासत होते. तांदळाची पोती मोजून होईपर्यंत मी तिथेच उभी राहिले. का, ते मला सांगता येणार नाही. मग निघाले. वडखळच्या पुढे वाहनांची रांग लागली होती, मी रिक्षावाल्याला शिव्या घातल्या, त्याचा काही दोष नव्हता. रोह्याला पोचले तर जनाजा नुकताच निघाला होता. गल्लीच्या टोकाला पुरुषांच्या पांढऱ्या टोप्या दिसल्या आणि वळल्या. तुझं तोंड बघायला मिळालं नाही.

आत बायका कुराणातली यासीन पढत होत्या. मला त्यातलं काही येत नाही. स्वयंपाकघरात कपबशांचा ढीग पडला होता, तो मी घासायला घेतला. तुझ्या सासूने येऊन माझ्या हातातला कप काढून घेतला. "बस गो पोरी," त्या म्हणाल्या. "आज काम नको करू." मी जमिनीवर बसले. त्या माझ्या शेजारी बसल्या. म्हणाल्या, "तुमचा तो खणांचा कागद तिच्या उशाखाली होता. घरी आणली तेव्हापासून. कसला होता?"

"शाळेचा," मी म्हटलं.

"मग नेतेस काय?"

"राहू दे तुमच्याकडे," मी म्हटलं. माझ्याकडे प्रत होती. माझ्याकडे नेहमी प्रत असते.

आता बैठकीचं. साहेब चांगले आहेत, तुला माहीत आहे. तुझी ओळ आली तेव्हा ते म्हणाले, "ही नसीम मॅडमच्या आठवणीसाठी ठेवू या."

"आठवणीसाठी नको," मी म्हटलं. "चाचणीसाठी ठेवायची असेल तर ठेवा."

मग पाटील सर बोलले. दोन शिक्षकी शाळेत एकेका मुलाला घेऊन बसणार कोण? बाकीचा वर्ग तोवर काय करणार? इथल्या गुरुजींचा 'हो' आणि तिकडच्या गुरुजींचा 'हो' सारखा कशावरून? सगळे 'हो' लिहितील त्याचं काय? नसीम, ती माझीच वाक्यं होती, माझ्याच क्रमाने. मी ती इतक्या वेळा बोलले होते की त्यांना पाठ झाली होती. आणि त्यांना द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण तूही मला दिलं नव्हतंस. तू फक्त म्हणाली होतीस, कुठे तरी ये.

'वगळावे' आणि 'ऐच्छिक' यातलं मी ऐच्छिक घेतलं. तुला पटणार नाही. तू म्हणाली असतीस, ठेवायचं तर ठेव, नाय तर फाडून टाक, हे मधलं काय? पण मी आयुष्यभर असंच काम केलं आहे. पूर्ण मिळत नसेल तर जागा तरी धरून ठेवायची. चार पर्यायांचा प्रश्नही पेपरात राहिला. त्याच्यापुढची खूणही.

प्रायोगिक चाचणीसाठी गटातल्या प्रत्येकाला एकेक शाळा वाटून द्यायची होती. मी तुझी मागितली. साहेब म्हणाले, "पेणवरून रोह्याला कशाला, तुम्हांला जिते गावची शाळा जवळ पडेल." मी म्हटलं, मला तीच हवी.

निडीच्या स्टेशनवरून खाडीच्या बाजूला जाणारा तो रस्ता तू सांगितला होतास तसाच वाईट आहे. तुझ्या जागी म्हात्रे मॅडम आल्या आहेत, तरुण आहेत, नीटनेटक्या आहेत. माझ्यासारख्या. तिसरीचा वर्ग एका रेषेत बसलेला होता. "खूप शांत वर्ग आहे मॅडम," त्या कौतुकाने म्हणाल्या. "पहिल्या दिवसापासून. मला आवाज चढवायला लागलाच नाही." मी त्या मुलांकडे बघितलं. तुझ्या तोंडून मी ज्यांच्या तक्रारी ऐकल्या होत्या तीच ही मुलं. तुझ्या वर्गात येऊन फळ्यापर्यंत पोचायला दहा प्रश्न ओलांडावे लागतात, असं तू सांगायचीस.

पेपर नीट झाला. एसटीच्या प्रश्नाला जवळजवळ सगळ्यांनी तिसरा पर्याय काळा केला. जिल्ह्याच्या अहवालात तुझ्या शाळेपुढे ती निष्पत्ती साध्य अशी येईल. प्रश्न विचारतो, साध्य.

मग मी व्हरांड्यात चटई टाकली. म्हात्रे मॅडम म्हणाल्या, "ते तर ऐच्छिक आहे ना?" मी म्हटलं, हो, माझी इच्छा आहे.

एकेका मुलाला बोलावलं. उतारा पाटील सरांचाच होता, नवा लिहायला कोणाला सवड झाली नव्हती. मी वाचायचे आणि गप्प बसायचे. गप्प बसणं फार अवघड आहे नसीम, हे तू त्या कागदावर लिहायला हवं होतंस. पहिला मुलगा म्हणाला, "बस का थांबली नाही?" दुसराही तेच. तिसरीही. पेपरात आत्ताच वाचलेलं वाक्य होतं ते. मी ते लिहून घेत होते आणि तुझं हसणं मला ऐकू येत होतं, ओढणीआडचं. काही मुलं नुसती चटईची काडी ओढत बसली. मी त्यांच्यापुढे 'नाही' लिहिलं. 'हो' लिहिणं किती सोपं आहे तेही मला कळलं.

मग तन्वी नावाची एक मुलगी आली. मी उतारा वाचला आणि थांबले. ती माझ्या हातातल्या पेनाकडे बघत होती. मग माझ्याकडे.

"तुम्ही आमच्या बाईंच्या पेणच्या बाई ना?"

मी मान हलवली.

"बाईंना दुखत व्हतं काय?"

वर्गातून डोकावणाऱ्या म्हात्रे मॅडम पुढे आल्या, मी त्यांना हातानेच थांबवलं. तन्वीला म्हटलं, "हो. शेवटी शेवटी खूप."

तिने ते ऐकून घेतलं. रडली वगैरे नाही. "मग तुम्ही काय करत व्हता?"

"त्यांच्याजवळ बसले होते."

"बसून काय करत व्हता?"

"भांडत होतो आम्ही. या पेपरवरून."

तिने भुवया चढवल्या. "दुखत असताना?"

मी ते तिच्या नावापुढे लिहून घेतलं, ती बोलली तसंच. ती उठली नाही, बसून राहिली. तिला उत्तर हवं होतं. मी सांगणार होते की तुमच्या बाईंना भांडायला आवडायचं, भांडताना त्यांना दुखणं कमी वाटायचं. पण तुला तसं वाटत होतं की मलाच, नसीम, हे मी तुला एकदाही विचारलं नाही. म्हणून मी तिला सांगितलं, मला माहीत नाही.